रात्रीची गोळी, सकाळचं रक्त

घरात आणि दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेशी मात्र त्याचा फारसा संबंध आला नव्हता. मोठ्या बहिणीची लाँड्री होती, तिथे घड्या घालायचं काम त्याच्याकडे. शर्टाची घडी तो अशी घालायचा की ती मोडताना गिऱ्हाइकाला वाईट वाटावं. दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा, त्याला घडीमास्तर म्हणायला लागले. पुढे घडी गळून पडली, मास्तर तेवढा राहिला.

इस्त्रीही त्याला येत होती, आणि दाजींपेक्षा चांगली येत होती. पण ती त्याच्या हातात देत नसत. रात्रीच्या गोळ्यांनी दुपारपर्यंत डोळे जड राहायचे, तोंडातून लाळ गळायची. तापलेली इस्त्री धरून डुलक्या काढणारा माणूस कुणाला हवा? चांगला पांढरा शर्ट तपकिरी झाला की गिऱ्हाईक काही रोगाची चौकशी करत बसत नाही.

रोगाचं नाव स्किझोफ्रेनिया. ताईला ते अजून एका दमात म्हणता येत नव्हतं. ती 'त्याचं ते' म्हणून मोकळी व्हायची. मास्तर स्वतः 'मंडळी' म्हणायचा. मंडळी म्हणजे त्याला एकट्याला ऐकू येणारे आवाज, दोन पुरुष आणि एक बाई. बाई सगळ्यांत खवट. एके काळी मंडळींच्या सांगण्यावरून त्याने गोळ्या सोडल्या आणि त्याचा मुक्काम इस्पितळाच्या वॉर्डात पडला. तिथे एक औषध लागू पडलं नाही, दुसरंही नाही. तिसऱ्यावर मंडळी भिंतीपलीकडे गेली. पार गेली असं नाही, पण भिंतीपलीकडचं बोलणं आपण कुठे मनावर घेतो? त्या तिसऱ्या औषधाच्या जिवावर तो घरी आला.

ताईने आणला तो एका अटीवर. गोळ्यांचा डबा तिच्याकडे. रोज रात्री जेवणं झाली की ती गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि म्हणायची, "आ कर. जीभ वर."

चाळिशीला टेकलेला माणूस, समोर दाजी दात कोरत बसलेले, आणि हा आपला जीभ वर करून उभा. दोन वर्षं हे असंच चाललं. त्याने कधी तक्रार केली नाही. दुधाने तोंड भाजलं होतं ते ताईचं, तिने ताक फुंकून प्यायलं तर तिला काय म्हणायचं? पण मनातून त्याला एकच गोष्ट हवी होती. तो डबा आपल्या हातात यावा.

या औषधाला अधूनमधून रक्त तपासावं लागायचं, त्यामुळे सुईचं त्याला काही वाटत नव्हतं. एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या खेपेला एक नळी जास्त घेऊ. झोप फार येते म्हणता, आणि आवाजही थोडे राहिलेत. औषध रक्तात किती आहे ते एकदा बघू, मग कमी करायचं की वाढवायचं ते ठरवू."

ताईचे कान टवकारले. "म्हणजे गोळ्या खरंच पोटात जातात की नाही, ते कळेल?"

"तेही कळेल. रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी द्या आणि सकाळी घेऊन या. मध्ये बारा तास तरी जायला हवेत."

"मग कळू दे एकदाचं," ताई म्हणाली. "बरोबर निघालं तर डबा त्याच्या हातात. बाईंसमोर सांगते."

झालं. डॉक्टरीणबाईंना जी तपासणी होती, ती मास्तरची परीक्षा झाली.

आता खरं बघता त्याला भिण्याचं कारण नव्हतं. दोन वर्षांत त्याने एकही गोळी चुकवली नव्हती. पण इतकी वर्षं जो संशयाखाली राहिला, त्याला आपल्याच रक्ताचा भरवसा वाटेना. रात्रीचं औषध सकाळपर्यंत विरून गेलं तर? आणि तो विचार करायला लागला तो लाँड्रीवाल्याच्या डोक्याने. रात्री इस्त्री केलेला शर्ट सकाळी घातला की चुण्या दिसतात. नोकरीची मुलाखत असली की लोक शर्ट सकाळीच आणतात, गरमागरम घालून जातात. ताजी इस्त्री ती ताजी इस्त्री. गोळीचंही तसंच असणार.

तपासणीच्या आदल्या रात्री ताईने गोळ्या दिल्या, त्याने पाणी प्यायलं, जीभ वर केली. ताईने पाहिलं, मान हलवली. गोळ्या वरच्या हिरडीच्या आणि गालाच्या मध्ये होत्या. ही विद्या त्याला वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने शिकवली होती. न्हाणीघरात जाऊन त्याने ओल्या, कडू गोळ्या काढल्या आणि कपड्यांवर लावायच्या चिठ्ठीत गुंडाळून ठेवल्या. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी निघण्याआधी त्याने त्या गिळल्या.

रक्त घेणाऱ्याने विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली?"

"रात्री," मास्तर म्हणाला.

"मी स्वतः दिली," ताई म्हणाली. तिचा काय दोष?

बाहेर बाकावर बसल्याबसल्या त्याची मान कलली. डॉक्टरीणबाई जाता जाता थांबल्या, त्याच्या हनुवटीवरची लाळ पाहिली आणि ताईला म्हणाल्या, "हे जरा जास्तच होतंय." ताई म्हणाली, "तेच तर मी म्हणते."

निकाल आला. औषध रक्तात हवं त्याहून बरंच जास्त निघालं. बाकावरची झोप डोळ्यांपुढे होतीच. बाईंनी गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या.

ताईने दिलेला शब्द पाळला. डबा त्याच्या उशाशी आला. दाजींनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मास्तरच्या रक्तात आपल्या अख्ख्या घरापेक्षा औषध जास्त आहे." डोळ्यांवरची झोप हळूहळू उतरली. मग एक दिवस दाजींनी काही न बोलता इस्त्री त्याच्यापुढे सरकवली. किती तरी वर्षांनी त्याने एका बाहीवर सरळ रेघ ओढली. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच ताईच्या आधी दुकानात यायला लागला.

पहिले काही आठवडे मंडळी भिंतीपलीकडेच होती. मग दारापर्यंत आली. मग आत आली आणि इस्त्रीच्या वाफेतून बोलायला लागली. बाई म्हणायची की कॉलरमध्ये काहीतरी शिवलंय, बघ. मास्तर आधी दुर्लक्ष करायचा. मग नुसतं बोटाने चाचपून बघायचा. एका दुपारी ताई दुकानात आली तेव्हा तो खाली बसून ब्लेडने एका शर्टाच्या कॉलरची शिवण उसवत होता. शेजारी आणखी दोन उसवलेल्या कॉलरी होत्या.

ताईने ब्लेड काढून घेतलं, इस्त्रीचं बटण बंद केलं. मग ती तडक मागे घरात गेली आणि डबा उपडा करून गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

"मग मोरीत टाकत असशील," ती म्हणाली.

"घेतो मी, ताई."

"घेतोस तर हे काय आहे?"

दाजी म्हणाले, "अगं, आधी त्याला पाणी तरी दे."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हीच इस्त्री दिलीत त्याला."

मास्तरला उत्तर माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याच्या मनात कधीचं पडलं होतं. गोळ्या कमी झाल्या म्हणून मंडळी आली. गोळ्या कमी झाल्या त्या रक्तामुळे. आणि रक्त तसं निघालं ते त्याच्यामुळे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोलावं तर डबा जाणार, आणि डब्याबरोबर जी काही पत मिळाली होती तीही जाणार. दोन दिवस तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी ताई त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळं ऐकलं, जुना निकाल काढून पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"मला वाटतं, या औषधाचा यांना पुरेसा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा रक्तात इतकं औषध होतं, तरी थोडे आवाज होतेच. कमी करून हे असं झालं. परत वाढवून आणखी त्रास द्यायचा, त्यापेक्षा हळूहळू बंद करून दुसरं बघू. ते घरी जमणार नाही. काही दिवस वॉर्डात राहावं लागेल."

ताईने पदर तोंडाला लावला. वॉर्ड हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. मास्तरच्या कानात मंडळींतली बाई म्हणत होती, गप्प बस, गप्प बस. त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. एक औषध, दुसरं औषध, ते सगळं त्याने पाहिलं होतं. हे तिसरं सोडायचं नव्हतं.

"बाई, ते रक्त हिशोबात धरू नका," तो म्हणाला. "त्या दिवशी मी रात्रीची गोळी सकाळी घेतली होती."

"सकाळी म्हणजे कधी?"

"इथे यायला निघताना."

बाईंनी पुन्हा निकालाकडे पाहिलं. "असं होय. मग जास्त निघणारच. गोळी पोटात गेल्यावर काही तास रक्तात औषध चढलेलं असतं, मग उतरत जातं. आम्ही मोजतो ते उतरल्यावरचं. तुम्ही चढावरचं दाखवलंत. पण का?"

"ताजी दिसावी म्हणून."

बाई हसल्या नाहीत, हे त्याला बरं वाटलं. "तेव्हाच सांगितलं असतंत तर एवढं सगळं टळलं असतं," त्या म्हणाल्या. "मीही घाई केली, आणखी एकदा तपासायला हवं होतं. औषध आत्ताच बदलायचं नाही. आज रात्री गोळी नेहमीच्या वेळी घ्या, उद्या परत रक्त देऊ. मग बोलू."

ताई उठली. जिना उतरली, रस्ता ओलांडला, बसस्टॉपच्या बाकावर बसली. मास्तर उभाच राहिला.

"कुठे ठेवली होतीस?" तिने विचारलं.

"वर. हिरडीपाशी, गालात."

"आणि मी खाली जीभ बघत होते."

"हो."

"कधी शिकलास?"

"वॉर्डात."

"म्हणजे माझ्याकडे आलास तेव्हा तुला हे येत होतं."

"येत होतं."

"किती वेळा ठेवलीस? खरं सांग."

"एकदाच. त्या रात्री."

"कशावरून?"

कशावरून, याला मास्तरकडे पुरावा नव्हता. "ठेवायची असती तर रोजच ठेवता आली असती की," तो म्हणाला. "मग मंडळी दोन वर्षं बाहेर कशी राहिली असती?"

एक बस आली, गेली. ताई उठली नाही.

"मग दोन वर्षं जीभ वर करून उभा राहायचास, ते कशाला रे?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस खाली. मान दुखते वर बघून."

दुसऱ्या दिवशीच्या रक्तात औषध कमी निघालं, चांगलंच कमी. बाईंनी ते पुन्हा वाढवलं, पण पूर्वीच्या मात्रेच्या थोडं अलीकडेच थांबवलं. आवाज आणि झोप यांच्यात कुठेतरी जागा सापडते का ते बघू, म्हणाल्या. महिन्याभराने रक्तातलं औषध तिसऱ्यांदा मोजायचं ठरलं. दाजींनी उसवलेल्या कॉलरी शिंप्याकडून शिवून आणल्या आणि गिऱ्हाइकांना धाग्यावर दोष ढकलून दिला. इस्त्री परत दाजींकडे गेली. मास्तर घड्यांवर आला. मंडळी अजून खोलीतच होती, पण मागच्या रांगेत बसल्यासारखी.

त्या आठवड्यात एका रात्री जेवण झाल्यावर दाजी म्हणाले, "मग आता डबा कपाटात ठेवायचा ना? किल्ली कुठेय तुझी?"

"कशाला?" ताई म्हणाली.

"कशाला म्हणजे? त्याने तुला फसवलं."

"एकदा फसवलं. बाकी दोन वर्षं फसवता येत असून फसवलं नाही. तुमचं सांगा, तुमचा कधी असा हिशोब झालाय का?"

दाजींनी दातकोरणं शोधायला सुरुवात केली.

मास्तर उठून आपल्या उशाशी गेला, डबा उघडला आणि गोळ्या तळहातावर घेतल्या. ताई त्याच्याकडे पाठ करून चादरींच्या घड्या घालत होती. तिच्या घड्या तशा वाकड्याच असायच्या, आज जरा जास्तच वाकड्या होत्या. त्याने गोळ्या गिळल्या, पेला खाली ठेवला. पेल्याचा आवाज तिने ऐकला. वळून बघायचा मोह तिला किती होतोय, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. ती वळली नाही.