हलकी बंदूक

बंदूक जड व्हायला लागली आहे, असं डोनलकाका ऑगस्टच्या अखेरीस म्हणू लागले. त्यांची दुनळी जुनी होती आणि वजनदार होतीच. पण बदकं डोक्यावरून जाईपर्यंत ती खांद्याला लागतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. आता हलकी सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि दुकानात सोबत येशील का, म्हणून गिरीशला विचारलं.

आयर्लंडमधल्या एनिस गावाच्या बाहेर, वस्ती संपून पाणथळ कुरणं सुरू होतात तिथे गिरीश आणि मृणालिनीचं घर होतं. शेजारी डोनलकाका राहायचे. निवृत्त पोस्टमन, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गिरीशची आई पुण्याहून आली होती तेव्हा तिने त्यांना काका करून टाकलं आणि पुढे तेच नाव राहिलं. मृणालिनी सरकारी रुग्णालयात डॉक्टर होती. गिरीश डब्लिनच्या एका कंपनीचं काम घरून करायचा आणि दिवसच्या दिवस कुणाशी बोलायचा नाही. पहिल्याच हिवाळ्यात काका त्याला शिकारीला घेऊन गेले. त्याने बंदुकीला कधी हात लावला नाही. काकांच्या शेजारी उंच लव्हाळ्यांत बसायचं, थर्मासमधला चहा ओतायचा, उजाडताना पाण्यावरून येणारे थवे बघायचे, एवढंच. मृणालिनीला पाखरं मारणं पटत नसे. पण तिथून परतलेला गिरीश हसतबोलत असायचा, म्हणून ती काही म्हणत नव्हती.

त्या रविवारी काका चहाला आले. त्यांनी कप उचलला आणि मृणालिनीची नजर त्यांच्या हातावर थांबली. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस गेलं होतं, तिथे खळगा पडला होता. बाही वर सरकली तेव्हा कातडीखाली बारीक थरथर दिसली. हात दुखतो का, बधिर वाटतो का, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. नाही म्हणाले, सगळं ग्रँड आहे, वय झालं. एकदा डॉक्टरला दाखवा, असं तिने सुचवलं, तर शिकारीचा सीझन संपला की बघू, म्हणाले.

ते गेल्यावर तिने गिरीशला आपली शंका सांगितली: हे नुसतं वय नाही, मोठा आजार असावा. सिंकपाशी कप विसळता विसळता त्याने विचारलं,

"नक्की आहे?"

"तपासण्यांशिवाय काहीच नक्की नसतं. पण मी असे हात पाहिलेत."

"मग शनिवारी बंदूक घेऊ दे त्यांना. नंतर सांग."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शनिवारी मात्र गाडीत तीही बसली.

दुकानदारीण पन्नाशीची, शांत बाई होती. तिने काउंटरवर बंदुका काढून ठेवल्या आणि समजावलं. बंदूक जितकी हलकी, तितका तिचा धक्का खांद्याला जास्त बसतो, म्हणून नुसतं वजन बघून घेऊ नका. काडतुसाच्या वायूवर चालणारी घेतलीत, तर धक्का थोडा ती स्वतःच पिऊन टाकते. बोअर, म्हणजे नळीचा व्यासही लहान घ्या, जवळून मारायला पुरतो. काका एकेक उचलून बघत होते. शेवटची त्यांनी खांद्याला लावली, छताच्या कोपऱ्यातून उडणाऱ्या न दिसणाऱ्या बदकामागे सावकाश फिरवली आणि लहान मुलासारखे हसले. गिरीशने मृणालिनीकडे पाहिलं. बघ, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग बाईंनी सरावाची खोटी काडतुसं पुढे केली. दुनळी मोडून उघडायची आणि काडतुसं आत सोडायची, एवढीच त्यांची आजवरची सवय. हिच्यात काडतूस खालून आत ढकलावं लागतं, अंगठ्याने, स्प्रिंगच्या विरुद्ध. काकांनी ढकललं. ते आत गेलं नाही. त्यांनी हात पुसला, पुन्हा ढकललं. अंगठ्यातला जोर गेला आणि काडतूस काउंटरवर घरंगळलं.

नवी आहे, स्प्रिंग कडक असते सुरुवातीला, असं बाई म्हणाल्या. काका आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली ती मृणालिनीकडे.

"तुला माहीत होतं."

"शंका होती," ती म्हणाली.

ते बाहेर गेले. मागोमाग तीही गेली. गाड्यांच्या रांगेपाशी, भुरभुर पावसात, तिने सगळं सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा हळूहळू वाळत जातात, असा एक आजार आहे. तो असेल किंवा नसेल, पण तपासण्या लगेच करायला हव्यात. त्यावर औषध आहे का, असं त्यांनी विचारलं. बरं करणारं नाही, असं तिने सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"हा सीझन मिळेल मला?"

"हा मिळेल असं वाटतं. पुढचा सांगता येत नाही."

ते आत गेले आणि जुनी दुनळी बदल्यात घेऊन तीच नवी बंदूक द्या म्हणाले. बाईंनी त्यांना एक युक्ती दाखवली. बाजूचं तोंड उघडं ठेवायचं, तिथून एकच काडतूस हाताने आत टाकायचं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने बटण दाबून बंद करायचं. एका वेळी एकच बार. एक पुरे, काका म्हणाले.

गार्डा, म्हणजे तिथल्या पोलीस स्टेशनकडून परवाना यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर तपासण्याही झाल्या होत्या आणि मृणालिनीची शंका खरी ठरली होती. नोव्हेंबरभर जमेल तेव्हा गिरीश त्यांना कुरणावर नेत असे. बरेचदा काका नुसतेच बसत. एका सकाळी मात्र टील जातीच्या छोट्या बदकांचं जोडपं अगदी खालून आलं, बंदूक वेळेवर वर गेली, आणि नर पाण्यात पडला. मादी दोनदा वळून आली आणि मग दूर गेली. काकांनी तो इवलासा पक्षी मांडीवर घेतला, त्याच्या पंखाची हिरवी पट्टी उलगडून बघितली आणि रडायला लागले. गिरीशने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

दुसऱ्याच दिवशी काकांनी बंदूक दुकानात परत नेऊन दिली. सीझन अजून बराच बाकी होता. मृणालिनी त्यांच्याकडे गेली. तिला कितीतरी दिवसांपासून एक गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता.

"काका, बंदूक घरात होती तेव्हा स्वतःचं काही करून घ्यायचं तुमच्या मनात आलं होतं का?"

"आलं होतं," ते म्हणाले. "काल तो पक्षी मांडीवर होता तेव्हा जास्तच. म्हणून तर दिली."

ती त्यांच्याजवळ बसली. डॉक्टर म्हणून जे बोलायचं, ते ती नंतर बोलली, आणि समुपदेशनासाठी योग्य माणसंही तिने गाठून दिली. त्या वेळी तिने फक्त त्यांचा हात हातात घेतला आणि तो बोटागणिक चोळत राहिली.

पुढचे महिने कठीण गेले. आधी चमचा सुटला, मग बोलणं. गिरीश लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडेच बसायचा. मीटिंग संपली की त्यांना पातळ भात भरवायचा. जूनमध्ये, भर दुपारी, श्वास मंदावत गेला आणि थांबला. तेव्हा दोघंही खोलीत होते.

अंत्यविधीसाठी गॉलवेहून त्यांची बहीण आली. चर्चमध्ये गिरीश आणि मृणालिनी मागे जाऊन बसले होते. बहीण स्वतः उठून आली आणि त्यांना पुढच्या बाकावर, घरच्या माणसांत घेऊन गेली. मग गावातली माणसं रांगेने आली. बहिणीचा हात हातात घ्यायची, हळू आवाजात दुःख व्यक्त करायची आणि पुढे सरकून गिरीशचा, मग मृणालिनीचा हात धरायची. कुणीच विचारलं नाही, तुम्ही त्यांचे कोण. गिरीश प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता. अर्धी रांग सरल्यावर त्याला ते म्हणता येईना. मग मृणालिनी दोघांच्या वतीने म्हणत राहिली.