हातमोजे कापणारी

“चामडं पाटावर सरळ टाकायचं, वर साचा ठेवायचा आणि कापायचं,” मास्तरीण म्हणाली आणि तिच्या जिवाला थंडावा मिळाला. कारण हे साफ खोटं होतं. हातमोज्याचं चामडं आधी ओलसर करून लांबीकडून चांगलं ओढून घ्यावं लागतं. नाहीतर थोड्याच वापरात मोजा बोटांपुढे लोंबायला लागतो.

सीमेवरची जकात उठली आणि मालकाने कारखाना उचलून पलीकडे नेला, कारण तिथे मजुरी निम्मी. मास्तरणीचं अख्खं गाव हातमोज्यांवर जगत होतं, ते बघता बघता बसलं. चामडं रंगवणारा तिचा नवरा आता दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघायचा. ती स्वतः जन्मभर त्याच कारखान्यात चामडं कापत आलेली, आणि वर मालकाने तिलाच सांगितलं, पलीकडच्या बायकांना शिकवून ये. ती लगेच हो म्हणाली. मालकाला पुरतं बुडवायचं, याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

शिकणाऱ्यांत चष्मेवाली सगळ्यांत हुशार. ‘ताई, ताई’ करत मागे असायची, डबा उघडला की आधी हिला वाढायची. निघायच्या दिवशी तिने विचारलं, काही सांगायचं राहिलं नाही ना? मास्तरीण दुसरीकडे बघत नाही म्हणाली.

पलीकडे केलेले मोजे लोंबायला लागले आणि गिऱ्हाइकांकडून माल परत आला. ती बातमी मास्तरणीने नवऱ्याला उठवून सांगितली आणि दोघं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. पण मालक कसला बुडतोय! त्याने पलीकडच्या बायकांच्या नावाने खडे फोडले, त्यांना घरी बसवलं आणि कारखाना आणखी पुढच्या देशात नेला.

एके दुपारी चष्मेवाली मास्तरणीच्या दारात उभी राहिली. सीमा आता सगळ्यांनाच मोकळी होती.

“भांडायला नाही आले, ताई. आमचं चुकत कुठे होतं, तेवढं सांगा. घरचे म्हणतात, माझ्याच हाताला वळण नाही.”

मला काय माहीत, असं मास्तरीण म्हणणार होती. पण जीभ रेटेना. तिने चामड्याचा जुना तुकडा काढला, पाणी शिंपडलं, एक टोक चष्मेवालीच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ओढलं. चामडं चांगलं लांबलं.

चष्मेवालीने ते लांबलेलं टोक बोटांनी चाचपलं.

“म्हणजे माझा हात चांगला होता,” ती म्हणाली. टोक सोडून तिने चपला घातल्या.

बस म्हणावं, निदान चहा तरी घे म्हणावं, एवढंही मास्तरणीला जमलं नाही. तो ओला तुकडा धरून ती दारातच उभी राहिली.