पंपाजवळचा फ्यूज

भाचीचं पत्र येऊन चार महिने झाले. मी उत्तर दिलं नाही.

'मामा, बोटीवरच्या गोड्या पाण्याच्या पंपाची वायरिंग तुमच्या नकाशाप्रमाणे केली. वायर जळाली. मालक मला निष्काळजी म्हणतो, कामावरून काढलंय. नकाशा तुमचा होता, एवढं त्याला लिहा.'

नकाशा पाहून तिनं तेव्हाच विचारलं होतं, "फ्यूज बॅटरीपाशी नको का?"

चष्मा वर सरकवून मी म्हणालो होतो, "पंप वाचवायचाय ना? मग फ्यूज पंपाजवळच."

मी पुस्तकं चाळणारा माणूस. बोटीवर चढलो असेन दोनदा. पण मामा शिकलेला, म्हणून ती गप्प बसली. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची चार मीटर वायर विनासंरक्षण राहिली. लोखंडी चौकटीला घासून तिचं आवरण निघालं, बॅटरीचा सगळा करंट तिच्यातूनच धावला. फ्यूज मात्र शाबूत! फ्यूज आधी वायरीसाठी असतो, हे मी पत्र आल्यावर वाचलं.

आज दुपारी भाचीची आई, माझी धाकटी बहीण, दारातूनच कडाडली, "दादा, मूग गिळून बसलास होय?"

"लिहायला घेतलं होतं गं. शब्द नीट..."

"पोरगी घरी बसलीय नि तू शब्द निवडतोयस? डाळ आहे का ती?"

"मालक मला ओळखत नाही. माझं कोण ऐकणार?"

"तिनं ऐकलं ना तुझं! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!"

पाणीही न घेता ती गेली.

आधी मला तिचाच राग आला. घरात शिरून असं बोलायचं? मग मालकाचा आला. जळकी वायर पाहिली, पण नकाशा कुणाचा हे विचारलं नाही त्यानं. शेवटी रागवायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. टेबलावरचे सातही कच्चे खर्डे टराटरा फाडले.

मालकाला लिहिलं, 'नकाशा माझा, चूक माझी. तुमच्या कामगार बाईंनी हरकत घेतली होती, मी त्यांना गप्प केलं. नवी वायरिंग त्या सांगतील तशी करा, आणि त्यांच्याकडूनच करून घ्या.' खाली सही ठोकली.

त्याची नक्कल भाचीच्या पाकिटात घातली. सोबतच्या चिठ्ठीत 'तुझं बरोबर होतं, माफ कर' यापुढे काही सुचेना. तसंच पाकीट चिकटवलं, चपला अडकवल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत दोन्ही पत्रं टाकली.