कांजूर ते बोरीवली, न पडता

मी एक जुनी जांभळी सायकल. जांभळी होते असं म्हणायला हवं खरं तर. पेडलपाशी रंग उडालाय, हँडलवर गंजाची नक्षी उमटलीय आणि पुढची बास्केट एका अंगाला तारेने बांधलीय. तरी मित्रांनो, आज माझं मन भरून आलं आहे. मन भरलं की माणसं बोलतात. मग मीही थोडं बोलते.

माझा जन्म दूर उत्तरेला, लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या नळ्या वाकवल्या, जोडल्या आणि रंगाच्या फवाऱ्याखाली मला न्हाऊमाखू घातलं. मुलींना सहज पाय टाकता यावा म्हणून मधला दांडा मुद्दाम खाली झुकवला. मग पुठ्ठ्यात गुंडाळून मी ट्रकमधून भांडुपच्या एका दुकानात आले आणि तिथून कांजूरमार्गला, मूळच्या मालवणकडच्या परबांच्या घरी.

त्या घरातली जान्हवी तेव्हा आठवीत होती. तिने मला शाळेत नेलं, क्लासला नेलं, मैत्रिणीला मागे बसवून गल्ली न् गल्ली पालथी घातली. दसऱ्याला तिची आई, मालन, मला पुसून काढायची, हँडलला झेंडूची माळ घालायची आणि माझ्या दिव्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवायची. ते बोट टेकवताना ती जरा जास्तच वेळ थांबायची. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

मुली मोठ्या होतात, सायकली तेवढ्याच राहतात. जान्हवी कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न करून बोरीवलीला गेली. मी जिन्याखाली गेले. माझ्या सीटवर जुनी चटई आली, बास्केटमध्ये रिकाम्या बाटल्या आल्या. जान्हवीचे बाबा, गुणाजी, बाहेरून आले की ओली छत्री माझ्या हँडलला अडकवायचे. तेवढाच मला माणसाचा हात लागायचा. टायरांतली हवा कधी गेली तेही कळलं नाही. कोळ्याने माझ्या आऱ्यांमध्ये जाळं विणलं, तर मी त्याला म्हटलं, वीण बाबा, निदान तुझं तरी काम होऊ दे.

मालन पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायची. तिथे रोज डबा घ्यायला रश्मी यायची. रश्मी प्रसूतिगृहात नर्स आहे. वडील अकोल्याकडून आलेले, ती विक्रोळीत वाढलेली. बोलणं सरळ, हात धीराचा. तिने आजूबाजूच्या बायकांचा एक सायकलचा ग्रुप जमवला होता. नाव ठेवलं होतं ‘चाकवाल्या’. दर रविवारी उजाडता उजाडता निघायचं, कुठेतरी चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि घरी परतायचं. शर्यत नाही, घाई नाही. तिने एकदा सहज मालनला विचारलं, “काकू, तुम्हाला येते का सायकल?”

मालनने नाही म्हटलं. मग पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि म्हणाली, “पण घरात आहे.”

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्यावरची चटई निघाली. ओल्या फडक्याने तिने माझा एकेक आरा पुसला, टायरांत हवा भरून आणली. साडी सोडून ती पंजाबी ड्रेस घालून मैदानात निघाली तेव्हा गुणाजी दारातच बसले होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “आता सर्कशीत जातलस काय?”

“जातलंय,” मालन म्हणाली. “तिकीट काढून बघूक ये.”

मैदानात रश्मीने माझी सीट मागून धरली. मालनने हँडल घट्ट आवळलं आणि आम्ही दोघी डुगडुगत निघालो. पहिले काही दिवस ती माझ्यावर कमी आणि जमिनीवर जास्त असायची. मग एकदा ती गुणगुणायला लागली. लहानपणी गावी तिने आईबरोबर जातं ओढलं होतं. जातं हाताने फिरायचं, माझी पेडलं पायाने फिरत होती, पण फेरा तोच. ओवीचा ठेका पायात उतरला आणि तोल आपोआप सावरला. रश्मीने केव्हाच हात सोडला होता. मालनला ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचल्यावर कळलं.

मग रविवार सुरू झाले. त्या चाकवाल्यांनी मला जे दिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांच्यापैकी कुणाची सायकल गिअरची, झकपक, कुणाची भावाकडून मागून आणलेली. पण माझ्याकडे बघून एकीनेही नाक मुरडलं नाही. त्यांचा एक नियम होता. सगळ्यात हळू जाणारीने सगळ्यात पुढे राहायचं. म्हणजे कुणी मागे सुटत नाही. आणि पुढचीने ओरडून सांगायचं, खड्डा, ब्रेकर, स्टॉप. तो शब्द दुसरीने तिसरीला द्यायचा, तिसरीने चौथीला, असा शेवटपर्यंत. त्या नियमामुळे मी, एक गंजकी सायकल, दर रविवारी सगळ्यांच्या पुढे असायचे.

आमच्या मागे चंपा असायची. ती मूळची बार्शीकडची, बसमध्ये कंडक्टर. तिचा आवाज असा की पुढचा शब्द मागे पोचला नाही असं कधी झालं नाही. सगळ्यात शेवटी ऋतिका, कॉलेजची पोरगी, सतत भुकेली.

हे सगळं जान्हवीला कळलं आणि ती घाबरली. तिच्या शेजारच्या बाई घरात साध्या घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिने आईला फोन केला. मालन फोन स्पीकरवर ठेवून माझ्या साखळीला तेल घालत होती, म्हणून मीही ऐकलं. आधी जान्हवी समजावत होती, मग चिडली, मग रडवेली झाली. शेवटी म्हणाली, “ठीक आहे. कांजूरपासून माझ्या दारापर्यंत ये चालवत. न पडता. आलीस तर मी परत एक शब्द बोलणार नाही. पण पडलीस ना आई, तर सायकल भंगारात. शब्द दे.”

मालनने तेलाची बाटली खाली ठेवली. “दिला,” म्हणाली.

मित्रांनो, भंगाराच्या दुकानात सायकलचं काय होतं ते मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे. तिथे आधी सीट काढतात.

रविवार ठरला. चाकवाल्या सगळ्या येणार होत्या. जान्हवीने त्यांना नाश्त्याला बोलावलं होतं, भांडण भांडणाच्या जागी. कांजूरहून निघाल्यापासून ऋतिकाचं एकच चाललं होतं, नाश्त्याला उपमा असेल की शिरा. चंपा म्हणत होती शिराच, लेकीच्या घरी गोडच असतं. रश्मीने दोघींना रस्त्याकडे बघायला सांगितलं.

पवईच्या तळ्याशी सूर्य वर आला. पाणी असं स्थिर होतं की काठावरचे उंच टॉवर त्यात उलटे उभे होते. मालनने पायांच्या ठेक्यावर ओवी जुळवली:

वाट गं वळणाची, तिला आरशाचं पाणी
लेकीच्या दारा जाते, माझी सायकल शहाणी

मला कुणी शहाणी म्हटलं ते पहिल्यांदाच. माझी साखळी कुरकुरायची थांबली असती तर किती बरं झालं असतं.

पुढे थोडा उतार होता. वळण घेतलं आणि समोर रस्ता खोदलेला. कसल्याशा कामासाठी चर मारला होता, आडवा लावलेला पत्रा बाजूला सरकलेला, कडेला दगडांचा ढीग. मालनने दोन्ही ब्रेक आवळले. ओरडायचं होतं ‘स्टॉप’. पण भीती वाटली की माणसाच्या तोंडात शाळेचा शब्द येत नाही, आईचा येतो. मालवणीत ‘थांबा’ला म्हणतात ‘रवा’.

“रवा!” मालन ओरडली. “रवा गे, रवा!”

मागे चंपाने तो शब्द झेलला आणि आपल्या कंडक्टरी आवाजात मागे पोचवला, “रवा! शिराच आहे गं, मी सांगितलं नव्हतं?” ऋतिकाने टाळी द्यायला हँडलवरचा एक हात सोडला. कुणीही ब्रेक दाबला नाही.

चंपाची सायकल माझ्या मागच्या चाकावर येऊन आदळली. मी तिरकी झाले, माझं पुढचं चाक दगडांच्या ढिगावर आपटलं आणि मालन माझ्यासकट आडवी झाली. चर हातभर अंतरावर होता. आम्ही दोघी तिथे आडव्या पडलो होतो, म्हणून मागच्या सगळ्या तिथेच थांबल्या. चरात कुणी गेलं नाही.

रश्मीने मालनला बसवलं, हातपाय हलवून पाहिले. कोपर सोलवटलं होतं, बाकी धड होती. चंपा रडायच्या बेतात आली होती. “काकू, अहो स्टॉप म्हणायचं ना. मला वाटलं तुम्ही नाश्त्याचं सांगताय.”

“तोंडाक दुसरा काय इलाच नाय,” मालन म्हणाली. रवा म्हणजे काय ते तिने सांगितलं, तेव्हा त्या सगळ्या रस्त्याच्या कडेला बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मालनही हसली. मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिचं हसू विरलं.

माझं पुढचं चाक वाकलं होतं, फिरवलं की ब्रेकला घासत होतं. रश्मीने रिक्षा करू या म्हटलं. मालनने मान हलवली. “पडले ती पडले,” म्हणाली. “पण तिच्या दारापर्यंत मी हिच्यावरूनच जाणार.” मग एकीने मला धरलं, दुसरीने चाकाचा फुगवटा फूटपाथच्या कडेला टेकवला आणि चंपाने त्यावर पाय देऊन दाबलं. मला दुखलं, पण ते बोटातला काटा काढताना दुखतं तसं. पुढचा ब्रेक सोडवून ठेवला. चाक डगडगत का होईना, फिरायला लागलं.

जोगेश्वरी गेली, हायवे लागला, गोरेगाव, मालाड, कांदिवली. आम्ही आणखी हळू, आणि आमच्यामागे सगळ्या आमच्याइतक्याच हळू. एकीनेही पुढे काढली नाही. मधे सिग्नलला थांबलो तेव्हा ऋतिका जवळ येऊन कुजबुजली की काकू, बाही कोपराखाली ओढून घ्या, आम्ही कुणी काही बोलणार नाही. चंपानेही मान डोलावली. चाक जुनंच वाकडं होतं असं सांगू, म्हणाली. मालनने खरंच बाही खाली ओढली. मी मनात म्हटलं, ओढ गं बाई, मला भंगारात जायचं नाही.

बोरीवलीला सोसायटीच्या फाटकात जान्हवी उभी होती. आईला चालवत येताना पाहून तिने तोंडावर हात धरला. मालन उतरली, मला स्टँडवर लावलं. सगळ्या चाकवाल्या आकाशाकडे, झाडाकडे, कुठेही बघत होत्या.

आणि मालनने बाही वर केली.

“पडलंय गो,” ती म्हणाली. “पवईक. शब्द दिलेलो मी.”

रश्मी काहीतरी बोलायला पुढे झाली, तिला मालनने हाताने थांबवलं. जान्हवीने त्या कोपराकडे पाहिलं. मग माझ्या चाकाकडे. तिने वाकून ते फिरवून पाहिलं, शाळेत असताना फिरवायची तसं, एका बोटाने.

“पवईला पडलीस,” ती म्हणाली. “आणि तिथून इथपर्यंत याच चाकावर आलीस?”

“मग काय उडत येतलंय?”

“म्हणजे पडायच्या आधी चालवलीस त्याहून पडल्यावर जास्त चालवलीस.” तिचा आवाज भिजला होता. “शेजारच्या काकू पडल्यापासून मला तेवढंच दिसत होतं गं. पडणं. उठून कुणी पुढे जातं हे डोक्यातच आलं नाही.”

मग ती आईला वर घेऊन गेली, जखम धुतली, सगळ्यांना बसवलं. मी खाली उभी होते, सीट काढायला कोण येतंय याची वाट बघत. आली ती जान्हवीच. पायात चपला, हातात पाकीट. तिने माझं हँडल धरलं आणि मला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे चालवत नेलं. त्याने आरे कसून चाकाचा ‘आऊट’, म्हणजे वाकडेपणा, काढला, नवे ब्रेक रबर घातले, हवा भरली. परत येताना जान्हवीने इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून माझ्यावर बसली. किती वर्षांनी! सोसायटीचं फाटक आलं तरी ती आत वळली नाही. एक जास्तीची गल्ली फिरून आली.

वर नाश्त्याला पोहे होते, असं मी नंतर ऐकलं.

मित्रांनो, या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी अजून सगळ्यांच्या पुढे असते. गुणाजी छत्री दुसरीकडे अडकवतात आणि शनिवारी संध्याकाळी, कुणी सांगितल्याशिवाय, माझ्या टायरांत हवा भरतात. मला यापेक्षा जास्त काही नको. माझ्यासारख्या कितीतरी अजून जिन्याखाली उभ्या आहेत. तुमच्याकडे असेल एखादी, तर तिच्यावरची चटई काढा, फडकं मारा, हवा भरा. आम्ही फार काही मागत नाही, दोन थेंब तेल पुरतं. आणि ती बाहेर काढलीत की घरात आई असेल, मावशी असेल, तिला विचारा, तुला बसायचंय का? ती आधी नाही म्हणेल. तुम्ही लगेच निघून जाऊ नका. सीट मागून घट्ट धरून तिथेच उभे राहा.