कोक्रोच्या आधी मी

मित्रांनो, मी एक जुना डोको आहे. बांबूची खोल टोपली म्हणा ना. नामलोचा पट्टा कपाळावर घेतला की मी माणसाच्या पाठीला टेकतो आणि ओझे उचलतो. माझी एक बाजू कापलेली आहे. ती उंदरांनी कुरतडली असे पाहुण्यांना वाटते, आणि मला फार राग येतो. पण आधी एक कबुली देतो. माझा स्वभाव जळका आहे.

मला या घरातल्या धनलाल बांनी विणले. मी गवत वाहिले, सरपण वाहिले, शेणखत, नाचणीची कणसे, बाजारातून मीठ, एकदा तर लंगडी शेळीसुद्धा. "बांचा डोको सुनांपेक्षा जास्त टिकतो," असे शेजारणी बांच्या बायकोला, म्हणजे आमाला, चिडवायच्या. मग धाकटी सून दिलसरी आली आणि मी तिचा झालो. तिची एक सवय होती. मला खाली ठेवले की ती तळहाताने माझा तळ झटकायची. तसे दुसरे कुणी कधी केले नाही.

माघे संक्रांतीला, म्हणजे मकर संक्रांतीच्या सणाला, तिचा नवरा मलेशियाहून सुट्टीवर येऊन गेला आणि दिलसरीला दिवस गेले. बांनी माझ्याच बेटातला बांबू तोडून कोक्रो विणायला घेतला. कोक्रो म्हणजे तान्ह्या बाळाची टांगती टोपली. मला विणायला दोन दिवस पुरले होते, त्याला दहा लागले. त्याच्या कामट्या तासून गुळगुळीत केल्या, त्यांना मोहरीचे तेल लावले. येणारा-जाणारा त्याच्यावरून हात फिरवी. मी ओसरीत, शेणाच्या वासाचा. एकाच बेटातले आम्ही दोघे, मग बाळ त्याला आणि शेण मला, हा कुठला न्याय?

एक दिवस दिलसरीने मला खाली ठेवले, तळ झटकायला विसरली आणि सरळ कोक्रोला झोका देऊ लागली. रिकामा हलवू नये म्हणून आमा तिच्यावर ओरडली. मी मनात म्हणालो, "रिकामाच राहो मेला." या शब्दांचा अर्थ काय होतो, याचा मी विचारच केला नाही.

आमाने दिवस सणांवर मोजले होते. माघे संक्रांतीचे मूल दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, टिळ्याला मांडीवर येते, असा तिचा ठाम विश्वास. गावातल्या आरोग्य स्वयंसेविका बिष्णुदिदींनी तारीख लिहून दिली होती, पण तो कागद आमाने तांदळाच्या डब्याखाली सारला. त्या साली अधिक महिना आला होता आणि दशैं लांबला होता, हे काही तिच्या ध्यानात आले नाही.

दशैंला तीन आठवडे होते. दिलसरी आणि तिची नणंद सुनकेसरी वरच्या चढावर गवत कापत होत्या. मी अर्धा भरलो होतो. नेसू ओले झाले तेव्हा दिलसरीला वाटले, गवताचे पाणी असेल. मग ती वाकली ती सरळ होईना.

"सुनकेसरी, घरी पळ. बिष्णुदिदींना आण."

"भाउजू, पण दशैं कुठे झालाय अजून?"

"ते बाळाला सांग. तू पळ."

सुनकेसरी उतरणीला लागली आणि आम्ही दोघेच उरलो. दिलसरीने दोन्ही हातांनी माझा काठ धरला. नामलो दातांत दाबला. कळ ओसरली की ती आपल्या आईला हाक मारी, नवऱ्याला शिव्या घाली, आणि कळ आली की तिची बोटे माझ्या कामट्यांत रुतत. तिला मरणाची भीती वाटत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हलू नकोस रे. तुझ्याशिवाय कुणी नाही इथे." हे ऐकण्यासाठी मी जन्मभर झुरलो होतो, आणि ऐकले ते अशा वेळी.

बाळ कापलेल्या गवतावर आले. मुलगी होती. ती रडली नाही.

रिकामाच राहो. माझेच शब्द मला ऐकू आले. दिलसरीने कमरेचा पटुका सोडला, पोरीला पुसले, तिची पाठ चोळली, पुन्हा चोळली. "रड गं बाई, रड." मी म्हणालो, भरू दे त्या कोक्रोला, मी आणखी शंभर वर्षे शेण वाहीन. आणि मग एक घोगरे रडणे आले, अगदी बारीक.

बिष्णुदिदी धापा टाकत पोचल्या, मागोमाग बा आणि सुनकेसरी. सुनकेसरीने विळा पुढे केला होता, तो बाजूला सारून दिदींनी नव्या पात्याने नाळ कापली. पण दिलसरीचा रक्तस्राव थांबेना. आरोग्य चौकी खाली नदीकाठी, दोन तासांची उतरण, गाडीरस्ता नाही. बांनी माझ्याकडे पाहिले. कुणी मला साधे आपटले तरी खवळणारा हा माणूस. त्यांनी कमरेची खुकुरी उपसली.

"अठरा वर्षं तुला जपलं. आज माझ्या सुनेला पोचव."

चार घावांत त्यांनी माझी बाजू कापली, माणूस बसून पाय बाहेर सोडू शकेल एवढी. दुखले, फार दुखले. दिलसरी माझ्यात बसली, पोर तिच्या छातीशी. बांनी नामलो कपाळावर घेतला आणि आम्ही उतरणीला लागलो. खरे सांगू? तिचे रक्त माझ्या तळातून ठिबकत होते आणि तरी मी मनात म्हणालो, बघ कोक्रो, पोर तुझ्या आधी माझ्यात आली. जळका तो जळकाच.

चौकीतल्या नर्सने सुई टोचली, पोट दाबून धरले. संध्याकाळी रक्त थांबले, तेव्हा पायरीवर बसलेले बा एकदाचे पाणी प्यायले.

अकराव्या दिवशी पोरीचे नाव जुनकिरी ठेवले आणि तिला कोक्रोत निजवले. गाणी झाली. माझ्यात कोंबड्या बसू लागल्या. आमा अजूनही पंचांगालाच दोष देत होती. तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्या, दिवशी रोट तळायला सरपण कमी पडले, तेव्हा चुलीत घालायला तिने मलाच उचलले. दिलसरीने मला तिच्या हातातून घेतले.

"आमा, त्या दिवशी तुम्ही कुणी नव्हता. हा होता."

आमा चुलीकडे वळली. दिलसरीने कोंबड्यांची घाण काढली आणि तळहाताने माझा तळ झटकला.

जुनकिरी आता तीन वर्षांची आहे. कोक्रोत ती मावत नाही. माझी कापलेली बाजू मात्र तिच्या अगदी मापाची आहे. ती आत शिरते, पाय बाहेर सोडते आणि मक्याचे दाणे खाते. वर आढ्याला कोक्रो रिकामा लटकतो आणि आमच्याकडे बघतो. त्याला काय होत असेल ते मला पक्के ठाऊक आहे.

मित्रांनो, अंगणात एखादी फाटकी टोपली दिसली तर तिला लाथ मारू नका. तिची बाजू कशी गेली, ते आधी विचारा. आणि माझ्यासारखे मनातल्या मनातही कुणाचे वाईट चिंतू नका. रोज सकाळी मी वर बघून म्हणतो, याच्यात पुन्हा बाळ येऊ दे. एकदा मी उलटे मागितले होते.