एका दिवसाचे कुलूप

मित्रांनो, मला बंद करायची आठवण ज्याची त्याला राहिली असती, तर आज मला तोंड उघडावे लागले नसते. मी वेल्समधल्या एका नदीकाठचे फाटक आहे. ओकच्या पाच आडव्या पट्ट्या, एक तिरकी आणि दोन लोखंडी बिजागऱ्या, एवढाच माझा देह. वय शंभराच्या पुढे. मधली पट्टी नंतर बदललेली आहे, तिचे वय त्यात धरू नका.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यातला. आगगाडी नदीला धरून जायची आणि प्रोबर्टांच्या शेताचे दोन तुकडे करायची. मेंढ्यांना एका तुकड्यातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून मला रुळांच्या कडेला बसवले. पुढे गाडी बंद पडली, रूळ उपटून नेले आणि थोरल्या प्रोबर्टने ती मैलभर पट्टी विकत घेतली. त्याने मला कडेवरून काढून वाटेवर आडवे उभे केले. आधी मी वाट देत होतो, त्या दिवसापासून अडवू लागलो. जागा बदलली की स्वभाव बदलतो, हे मी माणसांतही पाहिले आहे.

मग सायकली आल्या. या काठाने जुन्या रेल्वेच्या सपाट वाटेवरून वर जायचे, लोखंडी पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने परत यायचे, असा अठरा मैलांचा फेरा ठरला. वाट दहा शेतांतून जात होती. नऊ शेतकरी हो म्हणाले. दहावा, थोरल्या प्रोबर्टचा मुलगा इद्वल, नाही म्हणाला. त्याचा मैल नसेल तर लोकांना हमरस्त्यावर चढावे लागणार, आणि तिथे लाकडांनी भरलेले ट्रक कोणासाठी थांबत नाहीत.

शेवटी इद्वल, जिल्हा कचेरीचे साहेब आणि सायकल मंडळाची चिटणीस मेरेरिद बेवन माझ्यापाशी जमले. मेरेरिद पोस्टातून निवृत्त झालेली, इद्वलच्याच वर्गातली.

"वाट देतो, मालकी नाही," इद्वल माझ्यावर कोपर टेकून म्हणाला. "दर फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला एक दिवस कुलूप लावणार. जमीन कोणाची, ते तुमच्या ध्यानात राहील."

"आणि तूच विसरलास तर?" मेरेरिदने विचारले. "शाळेत डबा विसरायचास तू."

"विसरलो तर वाट कायमची तुमची. लिहा हो साहेब. सूर्य मावळेपर्यंत कुलूप लागलं नाही, तर वाट यांची."

साहेबांनी लिहिले. दोघांनी माझ्याच वरच्या पट्टीवर कागद ठेवून सह्या केल्या. मेरेरिदने पेन इतके दाबले की तिच्या सहीची खूण अजून माझ्या अंगावर आहे.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंची बोलणी खात आलो. शंभर सायकलवाले येतात, त्यातले साठ मला नीट लावतात. तीस जण ढकलून देतात, आणि मी खांबावर आपटतो. उरलेले दहा मला सताड उघडे टाकून जातात आणि मागून येणाऱ्याचे नाव सांगतात. एका वसंतात इद्वलच्या गाभण मेंढ्या अशाच बाहेर पडल्या, दोन हमरस्त्यावर गेल्या. इद्वलनेही उसने ठेवले नाही. मंडळाच्या रविवारच्या फेरीच्या आदल्या दिवशी तो कुंपणाची छाटणी करायचा आणि काटे वाटेवरच सोडायचा. रविवारी एकामागून एक चाके बसायची.

"भरा की हवा," तो ट्रॅक्टरवरून म्हणायचा. "तुमच्यात कुठे कमी आहे?"

तिसऱ्या वर्षी, कुलपाच्या दिवशी, मेरेरिदचा नवरा गेथिन हमरस्त्याने वळसा घालून गेला. ट्रकने त्याचा पाय मोडला. तो काठी घेऊन चालू लागला आणि त्याची सायकल छपरीतल्या खुंटीवर चढली. मेरेरिद त्यानंतर इद्वलशी वर्षातून एकदाच बोलायची, माझ्यासमोर, वही हातात धरून.

"नऊ दहा," ती कुलपाची वेळ लिहायची.

"नऊ पाच. तुझं घड्याळ तुझ्यासारखंच, पुढे पुढे."

ते कुलूप पितळेचे. वर्षभर माझ्या खांबाच्या साखळीत उघडे लटकलेले असते. दाबले की लागते, त्याला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र किल्ली हवी, आणि ती एकच, इद्वलच्या कमरेच्या पट्ट्याला.

सतराव्या वर्षी, त्या तारखेच्या तीन दिवस आधी, इद्वल मेंढ्यांच्या गोठ्यात कोसळला. अर्धे अंग गेले. त्याची मुलगी नेरिस कार्डिफहून आली, ती दवाखान्यातच बसली. कुलपाची आठवण कोणाला असणार?

मेरेरिदला होती. ती नवाच्या आधीच घडीची खुर्ची घेऊन आली. नऊ वाजले, दहा वाजले. बातमी पसरली तसे मंडळाचे लोक जमले. सायकली दुरुस्त करणारा एम्लिन चहा आणि 'बारा ब्रिथ' नावाच्या वेल्श पावाचे जाड काप घेऊन आला. मनुकांचा तो पाव लोक लग्नघरासारखा वाटून खात होते.

"घाससुद्धा गिळता येत नाही म्हणे त्याला," कोणीतरी म्हणाले.

"वाईट झालं," एम्लिन तोंडातला घास संपवून म्हणाला. "पण तारीख ती तारीख. त्यानेच लिहून दिलंय. पावणेसहाला सूर्य मावळतो, मेरेरिदबाई. पावणेदोन तास राहिले."

मेरेरिद उठली. "इथून पुलापर्यंत आणखी फाटकं किती?"

"नऊ."

"त्यांना कुलूप असतं?"

"नाही."

"उद्या ते नऊ शेतकरी विचारतील, प्रोबर्ट खाटेवर पडला होता तेव्हा यांनी वाट कशी मिळवली? परवा नऊ कुलपं दिसतील."

"म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी लावणार?"

"त्याच्यासाठी? पडायलासुद्धा त्याने हाच आठवडा निवडला, एवढा खडूस माणूस. मला त्याला हरवायचंय, एम्लिन. त्याच्या खाटेला हरवून काय करू?"

"आणि तो उठलाच नाही तर? किल्ली त्याच्यापाशी आहे."

मेरेरिदने गेथिनकडे पाहिले. तो काठीवर भार देऊन नदीकडे बघत होता.

"माझा पाय यात धरू नकोस," तो म्हणाला. "तो काही परत मिळायचा नाही. पण घरी जाऊन आठ दिवस माझ्यावर चिडचिड करणार असशील, तर आत्ताच काय ते ठरव."

तिने साखळी माझ्याभोवती घेतली आणि कुलूप दाबले. सतरा वर्षे मी तो आवाज ऐकत होतो, पण त्या दिवशी तो फार मोठा वाटला. वहीत तिने लिहिले, 'चार दहा. इ. प्रोबर्ट यांच्या वतीने.'

दोन महिने मी बंद राहिलो. सायकली पुन्हा हमरस्त्यावर गेल्या. एम्लिनने मेरेरिदशी बोलणे टाकले. कोणीतरी माझ्या तिसऱ्या पट्टीवर खिळ्याने तिच्याबद्दल एक शिवी कोरली. ती वाचू नका, पुसट होऊ द्या.

एप्रिल संपता संपता नेरिसने बापाला मोटारीतून आणले. मेरेरिदला तिनेच बोलावले होते. इद्वलचा उजवा हात लोंबत होता, जीभ जड झाली होती.

"कोणी लावलं?"

"मी."

"किती वाजता?"

"चार दहा."

"उशीर. नऊला लावायचं असतं."

तो डाव्या हाताने किल्ली फिरवू लागला. ती दोनदा हातातून पडली. नेरिस पुढे झाली तर त्याने तिला कोपराने सारले. मेरेरिदने मदत केली नाही, नजरही वळवली नाही. बऱ्याच वेळाने कुलूप उघडले.

"पुढच्या वर्षीपासून तूच लावत जा," तो म्हणाला. "माझा हात गेला."

"तुझं कुलूप मी का लावू?"

"मग नको लावूस. वाट तुझी होईल. लिहिलंय ना."

तो मोटारीत बसला आणि निरोप न घेता गेला. मेरेरिद माझ्या वरच्या पट्टीला धरून उभी राहिली. तिच्या सहीची खूण तिच्या अंगठ्याखालीच होती.

याला आता पाच वर्षे झाली. दर फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला नऊच्या ठोक्याला मेरेरिद येते, स्वतःच्याच वाटेला कुलूप लावते आणि वेळ लिहिते. संध्याकाळी इद्वल येतो, कुलूप ओढून बघतो, नाक मुरडतो आणि उघडतो. दोघांत गोडी झाली असे समजू नका. रविवारच्या आदल्या दिवशी गडी लावून छाटणी अजून होते आणि काटे अजून वाटेवर पडतात. फक्त माझ्या खांबाला आता एक झाडू टांगलेला असतो. तो डाव्या हाताने कोणी टांगला ते मला माहीत आहे, पण कोणाला सांगू नकोस असे त्याने मला बजावले आहे.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. मी कोणाच्या तरी रागावर आणि कोणाच्या तरी शब्दावर उभा आहे, एवढे लक्षात ठेवा. उघडा सापडलो तर उघडा ठेवा, बंद सापडलो तर बंद करा. आणि घाई कितीही असो, कडी पडल्याचा आवाज कानांनी ऐका, मगच पायडल मारा.