वुनेगीचा मका

डॉर्कस टिलनीच्या डुकरिणीला सगळी वस्ती ‘सरदारीण’ म्हणायची. इंग्लंडहून जहाजातून आणलेल्या तिघांपैकी ती एकटी जगली, आणि त्याचा तोरा तिच्या चालण्यात होता. समुद्रापलीकडच्या या नव्या मुलखात वस्तीचा हा चौथा उन्हाळा. माणसांचंच पोट जेमतेम भरत होतं, तिथे डुकरांना कोण घालणार? सगळ्यांची डुकरं रानात मोकळी चरत. ओळख पटावी म्हणून ज्याने त्याने त्यांच्या कानाला आपली खूण केलेली. सरदारिणीच्या उजव्या कानाला दोन खाचा होत्या.

ऑगस्टातल्या एका सकाळी ती परतली ती पोट जमिनीला घासत. थोबाडाला ओली माती आणि कणसाचे केस चिकटलेले. डॉर्कसने ते केस बोटांत धरून पाहिले. रानाच्या त्या बाजूला मका एकाच ठिकाणी होता, वुनेगीच्या शेतात.

वुनेगी ओढ्यापलीकडच्या पाड्यातली, या मातीतलीच बाई. पहिल्या हिवाळ्यात डॉर्कसचं दूध आटलं आणि तान्ही ॲन रडून रडून काळीनिळी पडली, तेव्हा वुनेगी बर्फ तुडवत आली होती. मक्याची पेज आणि शिंपल्यांचा कढ घेऊन, तीन आठवडे, रोज. वसंतात मका लावायलाही तिनेच शिकवलं. मातीचा ढीग करायचा, पोटात मासा पुरायचा, वर दाणे. डॉर्कसने मासा शेपटीला धरून किंचाळत फेकला, तेव्हा वुनेगी पोट धरून हसली होती.

“कुणाजवळ बोलू नकोस,” नवरा जोनस दारातून म्हणाला. त्यानेही डुकरिणीचं तोंड पाहिलं होतं.

“अहो, तिचं वर्षाचं खाणं होतं ते.”

“मग काय, डुकरीण देऊन टाकू? गाभण आहे ती. हिवाळ्यात काय खायचं, तुझा चांगुलपणा?”

तीन दिवसांनी प्रार्थनाघरात पंच बसले. वुनेगी भावाला घेऊन आली. माटोक त्याचं नाव. इंग्रजी तो किनाऱ्यावरच्या मच्छीमारांकडून शिकलेला, त्यामुळे पंचांसमोरही मध्येच एखादी शिवी निसटायची आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

“डुक्कर,” माटोकने स्वतःचा उजवा कान धरून दाखवला. “इथे कापलंय. दोनदा. हिने डोळ्यांनी पाहिलंय.”

“टिलनी, ही तर तुझी खूण,” थोरले पंच ओबडाया क्रेन म्हणाले.

“आमची त्या दिवशी खोपटात बांधलेली होती,” जोनस म्हणाला. “आणखी कुणाचं असेल. रानात कान काय, काट्यानेही फाटतो.”

“खरं का, बाई?”

डॉर्कसने वुनेगीकडे पाहिलं. वुनेगीच्या चेहऱ्यावर काळजीचं नावही नव्हतं. आता डॉर्कस बोलेल आणि मिटेल, अशी ती निवांत उभी होती. बुजऱ्या पोराला धीर द्यावा तशी तिने जराशी मानसुद्धा हलवली.

“हो,” डॉर्कस म्हणाली. “बांधलेली होती.”

माटोकने बहिणीला सांगितलं. नीट ऐकू आलं नसावं तसं तिने त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं.

“आणि शेताला कुंपण नाही,” ओबडाया म्हणाले. “कुंपण नाही तर तक्रारही नाही.”

आठवडाभर डॉर्कस ओढ्याकडे फिरकली नाही. शेवटी टोपलीभर वाटाणे घेऊन ती झाडीतल्या आडवाटेने ओढा ओलांडून गेली. वुनेगी मक्याच्या आडव्या पडलेल्या ताटांतून उरलीसुरली कणसं वेचत होती. तिने टोपलीला हात लावला नाही. भावाला काहीतरी म्हणाली.

“ती विचारतेय,” माटोक म्हणाला, “रस्त्याने का नाही आलीस?”

 टोपली तशीच घेऊन डॉर्कस परतली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. “मी देवाच्या घरात खोटं बोलले. डुकरीण आमचीच होती.”

जोनसने मान खाली घातली. पण ओबडायांचे डोळे भरून आले. “बहिणी, केवढं धैर्य दिलं तुला देवाने!” बायकांनी तिला मिठीत घेतलं. जिने वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता, त्या शेजारणीनेही तिचे गाल पुसले.

“मग वुनेगीच्या मक्याचं काय?” डॉर्कसने विचारलं.

“त्याचा निकाल लागलाय. कुंपण नव्हतं ना.”

“पण ती इथे नाहीये. मला माफ कुणी केलं?”

“देवाने केलं, बाई,” ओबडाया समजुतीने म्हणाले. “पाप त्याच्याविरुद्ध घडलं होतं. आता मनाला लावून घेऊ नकोस.”

बर्फ पडण्याआधीच पाडा उठला आणि नदीच्या वरच्या अंगाला निघून गेला. कुणी म्हणालं, दरसालचीच रीत त्यांची.  वसंतात ते परतले नाहीत. मग पंचांनी ती जमीन पडीक धरून वाटून टाकली. ओढ्यालगतचा वुनेगीचा तुकडा टिलनींच्या वाट्याला आला.

“ढीगसुद्धा तयार आहेत,” जोनस खुशीत म्हणाला. “कंबर वाचली आपली.”

डॉर्कस बांधावर बराच वेळ उभी राहिली. “मी नाही लावणार इथे,” असं मनात दहादा म्हणाली. घरात ॲन होती, पोटात दुसरं होतं. ती शेतात उतरली. त्या दिवशी समोरून कुणी गेलं तरी तिने मान वर केली नाही.

वस्तीत मात्र तिचं नाव झालं. पोर खोटं बोललं की आया म्हणत, “त्या टिलनीबाईंकडे बघ जरा, भर सभेत खरं बोलल्या!” असं कानावर पडलं की डॉर्कस हातातलं काम तिथेच टाकून घराच्या मागे निघून जायची.